पटतं की निघतं?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे पहिली चौकशी टक्क्यांची होते आणि दुसरी सीईटीच्या रँकची. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी हे चार विषय सांभाळले की सुटलो, असा आपला वर्षानुवर्षांचा हिशेब. पण आता बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं कायद्याकडे आणि व्यवस्थापनाकडे वळू लागली आहेत. तिथल्या प्रवेश परीक्षांत त्यांना एक असा विषय भेटतो, जो शाळेत नव्हता, पीयूसीला नव्हता आणि कर्नाटकाच्या सीईटीतही नाही. त्याचं नाव लॉजिकल रीझनिंग, म्हणजे तर्काचे प्रश्न.

पहिल्या सराव परीक्षेत या भागात गुण पडत नाहीत. मूल हिरमुसतं. मग घरात एक निष्कर्ष निघतो, "हे इंग्रजी शाळेतल्या, मोठ्या शहरातल्या पोरांचं काम. आपली मुलं मराठी नाहीतर कन्नड शाळेतून आलेली, त्यांना हे कुठून जमणार?" पालकहो, आज या निष्कर्षाचीच जरा तपासणी करू. माझ्या मते दोन भाषांच्या घरात वाढलेल्या मुलाजवळ या विषयाचं बरंचसं सामान आधीपासून असतं. ते कुठं ठेवलंय, तेवढंच त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

परीक्षेत काय असतं?

उदाहरण म्हणून क्लॅट घेऊ. देशातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश देणारी ही परीक्षा २००८ साली सुरू झाली. २०२० पासून तिचं रूप बदललं आणि सुटे प्रश्न जाऊन उताऱ्यांवरचे प्रश्न आले. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या परीक्षेपासून १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात. त्यातले २२ ते २६, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा, तर्काचे. सुमारे साडेचारशे शब्दांचा उतारा आणि त्याखाली प्रश्न. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं तर पाव गुण वजा. परीक्षा इंग्रजीतच असते. ती इतर भारतीय भाषांतही घ्यावी, अशी जनहित याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली होती, पण आजच्या विद्यार्थ्याने इंग्रजी धरूनच तयारी केली पाहिजे.

महाराष्ट्राच्या लॉ सीईटीतही तर्काचे प्रश्न असतात, पण तिथे चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. एमबीएसाठीच्या परीक्षांत हा विषय आहेच. अमेरिकेतल्या लॉ कॉलेजांसाठी जी एलसॅट घेतात, तिच्यातून ऑगस्ट २०२४ पासून कोडी काढून टाकली आणि उताऱ्यावरच्या तर्काचे गुण धरले जाणारे विभाग दोन केले. म्हणजे जग आता कोड्यांकडून युक्तिवादाकडे निघालंय. कुणीतरी काहीतरी म्हणतो, त्यासाठी कारण देतो. ते कारण त्या म्हणण्याला पेलतं का, हे बघायचं.

इथे दोन शब्द मुलांनी मनाशी पक्के करावेत. एक ‘पटतं’ आणि दुसरा ‘निघतं’. एखादी गोष्ट मला पटते, ती माझ्या अनुभवाशी, आवडीशी, घरच्या मताशी जुळते म्हणून. पण दिलेल्या माहितीतून ती निघते का, हा वेगळा प्रश्न. परीक्षा दुसरा प्रश्न विचारते आणि बहुतेक मुलं पहिल्याचं उत्तर लिहून येतात.

कुंद्याचा नियम

समजा एका घरचा नियम आहे, "घरी पाहुणे आले की कुंदा आणतातच." आता चार परिस्थिती बघा.

पाहुणे आले आहेत. मग कुंदा आणलेला असणार. हे निघतं.

फ्रिजमध्ये कुंदा आहे. मग पाहुणे आले असणार? हे निघत नाही. कुणाचा वाढदिवस असेल, नाहीतर बाबांना सहज इच्छा झाली असेल.

पाहुणे आलेले नाहीत. मग कुंदा नसणार? हेही निघत नाही. पाहुणे नसताना काय करायचं, याबद्दल नियम काहीच बोलत नाही.

आज कुंदा आणलेलाच नाही. मग पाहुणे आलेले नाहीत. हे मात्र पक्कं निघतं, कारण आले असते तर कुंदा आलाच असता.

तर्काच्या प्रश्नांतला मोठा भाग या चार ओळींत बसतो. इंग्रजी उताऱ्यात कुंद्याच्या जागी कंपनीचा नफा येतो आणि पाहुण्यांच्या जागी सरकारी धोरण, पण सांगाडा तोच. मुलं चुकतात ती दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत. नियम उलटा फिरवून वाचायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते.

आपल्याकडच्या जुन्या न्यायशास्त्राने हीच गोष्ट धूर आणि अग्नी घेऊन शिकवली. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असं म्हणता येत नाही. त्यासाठी त्यांनी तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला दिला. त्यात अग्नी आहे, पण धूर नाही. उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. अग्नी असताना धूर निघायचा तर ओलं इंधनही लागतं, इतक्या बारकाईने त्या पंडितांनी विचार केला होता. तेव्हा हा विषय परका आहे, असं समजायचं कारण नाही.

दोन भाषांचा फायदा

आता आपल्या घरातल्या सामानाकडे येऊ. इंग्रजी उताऱ्यात मुलांना अडवतात ते लांबलचक शब्द नव्हेत, अडवतात ते छोटे. ‘इफ’, ‘ओन्ली इफ’, ‘अनलेस’, ‘ईव्हन इफ’. वाचताना डोळा यांच्यावरून घसरतो. अशा वेळी ते वाक्य मनातल्या मनात घरच्या भाषेत आणावं. आपल्या दोन्ही भाषांत हे शब्द फार काटेकोर आहेत.

‘पाऊस आला तर’ आणि ‘पाऊस आला तरी’ यांतला फरक पाच वर्षांच्या पोरालाही कळतो. कन्नडमध्ये हाच फरक ‘मळे बंदरे’ आणि ‘मळे बंदरू’ असा होतो. दोन्हीकडे शेवटचा एक स्वर बदलतो आणि अर्थ उलटतो. तर म्हटलं की पुढची गोष्ट पावसावर अवलंबून, तरी म्हटलं की पावसाचा काही संबंध नाही. ‘ईव्हन इफ’ दिसलं की ‘तरी’ म्हणा, ‘बंदरू’ म्हणा. गोंधळ तिथेच संपतो.

दुसरा शब्द ‘ओन्ली’. मराठीत त्याचं काम एकटा ‘च’ करतो. ‘पास असणाऱ्यांना प्रवेश’ आणि ‘पास असणाऱ्यांनाच प्रवेश’ ही वाक्यं एक नव्हेत. पहिल्यात पास दाखवला की आत सोडायला हवं, पण पास नसलेल्याला सोडणारच नाहीत असं म्हटलेलं नाही. दुसऱ्यात पास नसलेल्याला दार बंद आहे, पण पास आहे म्हणून आत सोडतीलच असं वचन नाही. हॉल भरला तर पास असूनही बाहेर राहावं लागेल. परीक्षेत या एका ‘च’वर गुण जातात.

कन्नडमध्ये या ‘च’च्या जागी ‘मात्र’ येतं, ‘पास इद्दवरिगे मात्र प्रवेश’. इथे आपल्या मुलांनी जपायला हवं. कन्नडातला ‘मात्र’ म्हणजे फक्त, तर मराठीत वाक्याच्या मध्ये येणारा ‘मात्र’ बहुतेक वेळा ‘पण’ या अर्थाचा. वर मीच लिहिलंय, "हे मात्र पक्कं निघतं". तिथे कन्नड अर्थ लावला तर फक्त हेच निघतं, असा भलताच अर्थ होईल. दोन भाषांत वाढणारं मूल दिवसातून दहा वेळा या शब्दाचा अर्थ बाजूच्या शब्दांवरून ठरवतं. शब्द ओळखीचा दिसला तरी या जागी त्याचं काम काय, हे तपासायची ही सवय तर्काच्या पेपरात फार उपयोगी पडते.

‘अनलेस’ला आपल्याकडे ‘शिवाय’ आहे. पास असल्याशिवाय प्रवेश नाही. कन्नडमध्ये ‘पास इल्लदे प्रवेश इल्ल’. ‘शनिवारपर्यंत फी भरल्याशिवाय प्रवेश मिळणार नाही’ या वाक्यातून ‘फी भरली की प्रवेश मिळतोच’ हे निघत नाही. फी भरणं ही अट आहे, हमी नव्हे. घरच्या भाषेत म्हणून बघितलं की हे लगेच ध्यानात येतं.

उताऱ्यावरचा प्रश्न

आता थोडा मोठा नमुना. तो मुद्दामच आपल्या जिव्हाळ्याच्या विषयावर तयार केला आहे.

"एका गावातल्या मराठी शाळेचा पट दरवर्षी घटत होता. गेल्या वर्षी शाळेने पहिलीपासून रोज एक तास इंग्रजी संभाषणाचा सुरू केला. यंदा पहिलीत गेल्या वर्षीपेक्षा १२ मुलं जास्त आली. तेव्हा इंग्रजीच्या तासामुळेच पट वाढला, हे उघड आहे."

प्रश्न असा, की पुढीलपैकी कोणत्या विधानामुळे हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत होतो?

अ) मातृभाषेतून शिकलेल्या मुलांचा पाया पक्का होतो.
आ) यंदा त्या गावाजवळची खासगी शाळा बंद पडली.
इ) इंग्रजीचा तास घेणाऱ्या बाईंबद्दल पालक चांगलं बोलतात.
ई) तालुक्यातल्या इतर शाळांत असा तास घ्यायला शिक्षक नाहीत.

आपल्या घरांतली बरीच मुलं ‘अ’वर खूण करतील. ते विधान पटणारं आहे, घरात रोज ऐकलेलं आहे. पण या युक्तिवादाशी त्याचा संबंध नाही. पाया पक्का होतो की नाही हा इथे प्रश्नच नाही, पट कशामुळे वाढला हा प्रश्न आहे. ‘इ’मुळे युक्तिवादाला उलट थोडा आधार मिळतो. ‘ई’ इतर शाळांच्या अडचणीबद्दल बोलतं, या शाळेच्या पटाबद्दल नाही. उत्तर ‘आ’. शेजारची शाळा बंद पडली असेल, तर तिथली मुलं इकडे आली असतील. पट वाढायला दुसरं कारण सापडलं, की ‘इंग्रजीच्या तासामुळेच’ या शब्दातला ‘च’ ढिला पडतो.

याच उताऱ्यावर गृहीतक विचारलं तर? लेखकाने न बोलता धरून चाललेली गोष्ट म्हणजे गृहीतक. इथे ते असं आहे, की पट वाढावा असं दुसरं काही त्या वर्षी घडलेलं नाही. पर्याय बरोबर आहे का हे तपासायची एक सोपी रीत आहे. त्या पर्यायाला ‘नाही’ जोडून उलटा करा. उलटा केल्यावर युक्तिवाद कोसळला, तर ते गृहीतक होतं. काहीच बिघडलं नाही, तर ते नव्हतं.

आणि युक्तिवाद बळकट करणारं विधान विचारलं तर असं काही शोधा, "शेजारच्या तशाच एका गावात असा तास सुरू झाला नाही आणि तिथला पट यंदाही घटला." तुलना करायला जोड मिळाली की कारणाचा दावा भक्कम होतो.

आपण सीमाभागातली माणसं. भाषा, शाळा, पाट्या, कार्यालयातली कागदपत्रं या विषयांवर आपल्या घरांत ठाम मतं असतात, आणि ती असायला काहीच हरकत नाही. पण परीक्षेत असा उतारा आला की मुलाने स्वतःचं मत दोन तासांपुरतं पिशवीत ठेवावं. लेखक आपल्या बाजूचा असला तरी त्याचा युक्तिवाद फसका असू शकतो, आणि विरुद्ध बाजूच्याचा नेटका. पुढे वकील व्हायचं असेल तर हे शिकण्यावाचून गत्यंतर नाही. समोरच्याचा मुद्दा नीट ओळखता आला, तरच त्याला उत्तर देता येतं.

नियम वाचताना

हा विषय परीक्षेच्या हॉलबाहेरही लागतो. बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात २०२१ पासून ‘कर्नाटकचे विद्यार्थी’ म्हणून २५ टक्के आडवं आरक्षण सुरू झालं. त्यासाठीची व्याख्या अशी, की कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेत किमान दहा वर्षं शिक्षण झालेलं असावं. आपल्याकडे अनेकांचा समज, "आपण मराठी शाळेतले, हे आपल्यासाठी नाही." वाक्य पुन्हा वाचा. अट संस्था कुठे आहे याची आहे आणि वर्षांची आहे. मातृभाषेचा किंवा माध्यमाचा त्यात उल्लेख नाही. जे लिहिलेलंच नाही, ते आपण मनाने भरलं. उलट, दहा वर्षं पूर्ण आहेत म्हणून प्रवेश मिळेलच, हेही त्यातून निघत नाही. अर्ज भरताना त्या वर्षीचं माहितीपत्रक याच नजरेने, शब्द न शब्द वाचावं.

वेळ आणि अंदाज

तर्काच्या भागाला साधारण २५ मिनिटं मिळतात. चार-पाच उतारे धरले तर एका उताऱ्याला पाच-सहा मिनिटं. म्हणून उतारा एकदाच, पण शोधत वाचावा. लेखकाचं शेवटचं म्हणणं कोणतं आणि त्याचं कारण कोणतं, या दोन जागांवर बारीक खूण करावी. ‘म्हणून’ आणि ‘कारण’, कन्नडमध्ये ‘आद्दरिंद’ आणि ‘याकेंदरे’, यांचे इंग्रजी भाऊबंद दिसले की थांबावं. निष्कर्ष विचारलेला असेल तर ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सर्व’ असे टोकाचे शब्द असलेल्या पर्यायाकडे संशयाने बघावं. उताऱ्यात ‘काही’ असेल तर उत्तरात ‘सर्व’ येऊ शकत नाही.

अंदाजाने खूण करावी का, हे पालक हमखास विचारतात. हिशेब सोपा आहे. चार पर्यायांचे चार प्रश्न डोळे मिटून सोडवले, तर सरासरी एक बरोबर येईल आणि तीन चुकतील. मिळाला एक, गेला पाऊण, हाती उरला पाव गुण. त्यासाठी वेळ घालवण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय विचारपूर्वक बाद केले असतील, तर चारात सरासरी दोन बरोबर. मिळाले दोन, गेला अर्धा, उरले दीड. तेव्हा दोन पर्याय बाद करता आले तर खूण करावी.

घरी काय कराल?

क्लॅट घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका मोफत मिळतात. क्लास लावायचा की नाही हे नंतर ठरवा, आधी त्या सोडवा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे वहीत एक ओळ लिहावी, की मी निवडलेला पर्याय का चुकला. नियम उलटा वाचला? ‘च’ निसटला? की आपलं मत उत्तर म्हणून लिहिलं? महिनाभरात मुलाला आपली खोड कळते.

पालकांना इंग्रजी येत नसलं तरी चालेल. संध्याकाळी वर्तमानपत्रातला एखादा अग्रलेख, मराठी असो वा कन्नड, मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि दोनच गोष्टी विचारा. हे गृहस्थ शेवटी म्हणतात काय? आणि कशाच्या जोरावर? आज्जीलाही या चौकशीत घ्या. "असं कसं? त्याचं दुसरं काही कारण असंल की," असं म्हणणाऱ्या आज्जीने ‘युक्तिवाद कमकुवत करा’ हा प्रश्न सोडवलेलाच असतो.

या आठवड्यासाठी चार छोटे प्रश्न. पुढची उत्तरं झाकून ठेवून जेवताना विचारा.

१) सुट्टी असेल तरच मामा येतात. उद्या सुट्टी आहे. मामा येणार हे निघतं का?
२) त्या वर्गातली एकही मुलगी नापास झाली नाही. सुमा नापास झाली. काय निघतं?
३) काही शिक्षक कवी आहेत. सर्व कवी वाचक आहेत. काही शिक्षक वाचक आहेत, हे निघतं का?
४) काही शिक्षक कवी आहेत. काही कवी गायक आहेत. काही शिक्षक गायक आहेत, हे निघतं का?

उत्तरं: १) नाही, सुट्टी ही अट आहे, हमी नव्हे. २) सुमा त्या वर्गातली नाही. ३) हो, जे शिक्षक कवी आहेत ते वाचक आहेतच. ४) नाही, गाणारे कवी वेगळे आणि शिकवणारे कवी वेगळे असू शकतात.

चौथ्या प्रश्नावर घरात वाद होईल. होऊ द्या, फक्त ज्याने त्याने आपलं कारण सांगायचं.